गवासाहेबांची पाहणी

जंगलात कचेरी आली आणि कचेरीत संगणक आला, त्या काळची ही गोष्ट. टिटवीने नदीकाठच्या वाळूत चार अंडी घातली होती आणि हत्तींची नवी वाट नेमकी तिथूनच जाणार होती. वाट बदलायचा अधिकार गवासाहेबांचा.

"आता रांग नाही हो, टिटवीबाई," साळिंदर कारकून अभिमानाने म्हणाला. "संगणक वेळ देतो. तुमची मंगळवारी अकराची."

मंगळवारी अकराला खुर्ची रिकामी होती. साहेब चिखलात डुंबायला गेले होते. संगणकाने पुढच्या मंगळवारची वेळ दिली, तीही तशीच गेली. हत्ती आता दोन दिवसांवर आले होते. टिटवी पुन्हा कचेरीत धावली.

"साळूभाऊ, साहेब वेळा पाळतच नाहीत का?"

"स्वतःच्या पाळतात की. डुंबणं, चरणं, रवंथ, सगळं या संगणकात लिहिलंय. घंटा वाजली की निघालेच."

"मग त्यातच माझं घरटंही लिहा ना!"

साळिंदराने मान खाजवली, इकडेतिकडे पाहिलं आणि लिहिलं, 'बुधवार, दहा वाजता, नदीकाठ, पाहणी.'

बुधवारी घंटा वाजली आणि गवासाहेब सवयीने उठून नदीवर गेले. पायाशी अंडी दिसताच ते थबकले, खुराने वाळूत वळण आखलं आणि म्हणाले, "हत्तींना इकडून जायला सांगा." एवढंच काम होतं.

साळिंदराने मग उरलेल्या सत्तावीस अर्जांच्याही पाहण्या लिहून टाकल्या. महिन्याभरात साहेबांना कंबर दिसू लागली आणि ते भेटेल त्याला ऐकवू लागले, "खुर्चीत बसून कुठे कामं होतात? मी पहिल्यापासून फिरतीवरचाच!"