परदेशी निवासी आणि यल्लप्पा

“तो परदेशी निवासी आणि मी स्थलांतरित. असं का, आक्का?”

मठ सांभाळणाऱ्या सोनाक्का ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“कोण म्हणालं?”

“हेडमास्तर. काल बाहेरच्या मंडळींना मठ दाखवत होते. योरिसच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, हे आमचे परदेशी निवासी. मग माझ्याकडे बोट केलं. हा यल्लप्पा, स्थलांतरित आहे, पाणी भरतो.”

“भरतोस की.”

“भरतो. पण तोही बाहेरचा, मीही बाहेरचा...”

यल्लप्पानं रिकामी कळशी ओसरीवर आदळली.

डोंगरातल्या या गावात तो आईचं बोट धरून आला होता. कर्नाटकातलं त्यांचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि आई इथल्या घाटरस्त्यावर खडी फोडायला लागली. ती वारली तेव्हा आक्कांनी पोराला ठेवून घेतलं. आता तो चांगला बाप्या झाला होता, मठातली सारी भजनं त्याला पाठ होती, तरी गावाच्या तोंडी तो अजून ‘खडीवाल्यांचा’च.

आणि हा योरिस! दिवाळीनंतर हॉलंडहून मठात राहायला आला. मांडी घालताना कण्हायचा. त्यानं भजनाची एक ओळ अडखळत म्हटली तरी बायका डोळे पुसायच्या. यल्लप्पा अख्खं भजन म्हणायचा, तेव्हा कोणी ना कोणी सांगायचं, जरा पाणी आण रे.

“त्यालाच विचार,” आक्का म्हणाल्या.

यल्लप्पा तरातरा गेला. योरिस अंगणात ऊन खात बसला होता. प्रश्न ऐकून त्यानं पाय जवळ घेतले. मग मोडक्या मराठीत म्हणाला,

“मी... कधीही परत जाऊ शकतो. माझं घर आहे तिथे. तुझं?”

त्यानं अगदी निर्मळ मनानं विचारलं होतं. यल्लप्पाला तेच जास्त झोंबलं.

तो ओसरीवर परतला. “त्याला परत जायला घर आहे, म्हणून तो निवासी. मला नाही, म्हणून मी...”

आक्का खडे वेचत राहिल्या.

त्या दिवसापासून यल्लप्पा योरिसशी बोलेनासा झाला. त्याच्या खोलीतला माठ मात्र भरायचा. भरताना त्याच्याकडे बघायचा नाही.

ऊन तापू लागलं आणि योरिस निघाला. सगळा गाव मठाच्या दारात जमला. हेडमास्तरांनी झेंडूचा भलामोठा हार आणला. यल्लप्पानं तो लांबूनच पाहिला आणि विहिरीमागे जाऊन बसला. तिथेही त्याला लोकांचं हसणं ऐकू येत होतं, टाळ्या ऐकू येत होत्या. दोन्ही कानांवर हात ठेवून तो बसून राहिला.

थोड्या वेळानं हात काढले, तर सगळं चिडीचूप.

काठी टेकत आक्का विहिरीकडे येत होत्या. त्यांच्या दुसऱ्या हातात तो हार होता.

“इथे काय करतोस?”

“माझ्यासाठी कधी कोणी हार आणला नाही, आक्का.”

बोलून गेला आणि त्याची त्यालाच लाज वाटली. पण शब्द त्यानं मागे घेतला नाही.

“तू कधी इथून गेलास का?”

यल्लप्पाची नजर हाराकडे गेली.

“हेडमास्तर घालायला निघाले होते. मी घेतला काढून.”

आक्कांनी हार त्याच्या हातात ठेवला. फुलं अजून ओली होती.

“चल ऊठ, तूच घाल त्याला. घरचं माणूस दारात आल्याशिवाय पाहुणा निघेल कसा?”