भिवराबायची जागा

फार फार वर्षं झाली या गोष्टीला. नेमकी किती, ते विचारू नका. सावरघोळच्या म्हाताऱ्यांना ती त्यांच्या म्हाताऱ्यांनी सांगितली. तेव्हा इथल्या डोंगरात झोळकं नावाचं जनावर असायचं. मांजराएवढं, आणि मादीच्या पोटाला कातड्याची झोळी. पिल्लू जन्मायचं तांदळाच्या दाण्याएवढं आणि त्या झोळीत बसून वाढायचं, असं म्हणतात.

गावात भिवरा नावाची सुईण होती. गावातलं प्रत्येक पोर तिच्या हातावर जन्मलेलं. त्यामुळे कुणाचंही कार्य असो, पहिला नारळ भिवराबायनं फोडायचा. हा मान तिला जिवापेक्षा प्यारा होता.

मग रानकुत्र्यांचा सुळसुळाट झाला आणि सगळ्या डोंगरात झोळकी उरली तीन. भिवराच्या शेजारी तिची धाकटी जाऊ सगुणा राहायची. तिनं ती तिन्ही टोपलीत घालून आणली. ‘यांना कुंपणात राखू, वीण वाढली की रानात सोडू,’ म्हणत ती पदर पसरून दारोदार फिरली. घरटी एक भारा बांबू मागितला. लोक आधी हसले. मग झोळीतून डोकावणारं पिल्लू पाहिलं आणि ज्यानं त्यानं निवडून सरळ बांबू दिले.

भिवराच्या पोटात तेव्हापासून दुखायला लागलं. जन्मभर बाळंतपणं आपण करायची आणि कौतुक हिचं? कुंपणाच्या मुहूर्ताला नारळ सगुणाच्या हातात गेला, तेव्हा तर तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

“जाऊबाई, तुमच्या घरचा भारा तेवढा ऱ्हायलाय,” सगुणा म्हणाली.

“माज्या चुलीला लाकूड न्हाई. तुज्या उंदरांना बांबू कुठला देऊ?”

आता त्या गावची रीत अशी, की सामाईक कुंपणात प्रत्येक घराची जागा ठरलेली. एकाच्या जागी दुसऱ्यानं बांबू लावला, तर तो त्या घराचा अपमान. म्हणून कुंपण झालं, पण भिवराची जागा तशीच राहिली. माणूस जाईल एवढी फट. तिथं सगुणा काठी घेऊन बसायची.

एका दुपारी सगुणा पाण्याला गेली. ती संधी साधून भिवरा फटीशी आली. एवढं काय लागून गेलंय त्या झोळक्यांत, ते तिला बघायचं होतं. तेवढ्यात मादी व्याली. दाण्याएवढं आंधळं पिल्लू आईच्या केसांना धरून एकटंच झोळीकडे चढू लागलं. भिवरा श्वास रोखून बघत राहिली. इथं कुणाला सुईण लागतच नव्हती. त्याचाही तिला हेवा वाटला.

आणि मागून रानकुत्री आली.

भिवरानं पदर खोचला आणि फटीत पाय रोवून उभी राहिली. कुत्री गुरगुरली, तर ती त्यांच्यापेक्षा मोठ्यानं ओरडली. गाव धावून आलं, कुत्री पांगली.

“सरका जाऊबाई, मी उभी ऱ्हाते,” सगुणा रडत म्हणाली.

“माज्या घराची जागा हाय. तू कोण उभी ऱ्हानार?”

भिवराचा नवरा बांबूचा भारा घेऊन आला. त्यालाही तिनं हाकललं. “बांबू समद्यांनीच दिलेत,” म्हणाली.

ती तिथून हललीच नाही. उन्हात उभी, पावसात उभी. पायांना मुळं फुटली, असं म्हणतात. रानकुत्री यायची आणि तिची नजर पाहून माघारी जायची. तिनाची तीस झाली, तिसाची तीनशे. झोळकी रानात सोडली त्या सकाळी भिवरा कुणाला दिसली नाही. तिच्या जागी बांबूचं हिरवंगार बेट होतं, आणि ते बाकीच्या कुंपणाहून हातभर उंच होतं.

आजही दिवाळीनंतर सावरघोळचे लोक ते कुंपण नव्यानं बांधतात. आत काही नसतं, तरी बांधतात. एक जागा मोकळी ठेवतात आणि गावातली सर्वांत म्हातारी बाई तिथं उभी राहते. पहिला नारळ तिचा. “भिवराबाय, सरका आता,” असं गाव विनवतं. ती दोनदा नाही म्हणते, तिसऱ्यांदा सरकते. मग शेवटचा भारा बांधतात.

सगुणाचं नाव कुणाला ठाऊक नसतं. फारच खोदून विचारलं तर म्हणतात, होती कुणीतरी, भिवराबायची धाकटी जाऊ.