गेणूनं झाकण तापवलं

एका गावात गेणू नावाचा एक भोळा गडी होता. सांगितलेलं काम तो जीव ओतून करी, म्हणूनच त्याला कुणी काम सांगत नसे. कामावर ठेवलं होतं ते एकट्या लोंढेबाईंनी.

बाई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. परसातल्या पत्र्याच्या खोलीत त्यांनी बिस्किटांचा डबा, बल्ब आणि पंखा जोडून एक यंत्र केलं होतं. इवल्याशा नळीत पपईच्या रोपाचा रस घालायचा. यंत्र तो तापवी, गार करी, पुन्हा तापवी. मग रोप नर की मादी ते ओळखता येई.

पहिल्याच दिवशी नळी कोरडी ठाक!

"अरे, पाण्याची वाफ होऊन उडाली," बाई म्हणाल्या. "वर तेलाचा थेंब सोडायचा, मग उडत नाही."

"बरं बाई."

संध्याकाळी प्राचार्य आले. चहातून वाफा निघत होत्या. गेणूनं लगबगीनं वर गोडेतेल सोडलं. प्राचार्यांनी एक घोट घेतला आणि निरोपही न घेता गेले.

"चहात तेल? मेल्या, वाफ जाऊ नये म्हणून वर झाकण घालतात!"

"बरं बाई."

दुसऱ्या दिवशी बाईंच्या सासूबाई सर्दीचा वाफारा घेत बसल्या. चादरीतून वाफ निसटताना दिसली. गेणूनं मोठं घंगाळ त्यांच्यावर पालथं घातलं आणि वर स्वतः बसला.

सासूबाई निथळत बाहेर निघाल्या. बाईंनी कपाळाला हात लावला.

"नुसतं झाकण घातलं की आतून थेंब धरतात. यंत्रातही तेच होतं. झाकण खालच्यापेक्षा गरम हवं, मग वर थेंब धरत नाहीत. हे शेवटचं सांगते, गेणू. उद्या विद्यापीठाचे लोक यंत्र बघायला येताहेत. एक थेंब धरला तर तू घरी बस!"

दुसरं कोण देणार होतं त्याला काम?

पहाटे तो खोलीत गेला. कडाक्याची थंडी होती. बाईंनी रात्रभर चालू ठेवलेल्या यंत्राचं झाकण छान गरम, आतून कोरडं. त्याला हायसं वाटलं. तेवढ्यात टप्! डोक्यावर थेंब पडला. वर बघतो तर छपराच्या पत्र्याला आतून थेंबच थेंब.

"आता गं बया! मोठं झाकण गारच राहिलं की!"

पाहुणे आले तेव्हा छपरावर गोवऱ्यांचा ढीग धडधडून पेटला होता. जळके वासे यंत्रावर कोसळत होते, आणि गेणू शिडीवर उभा राहून सुपानं वारा घालत होता.

"गेणू!" बाई किंचाळल्या. "माझं यंत्र!"

"बिनघोर राहा बाई," गेणू घाम पुसत म्हणाला. "आत जाऊन बघा. एक थेंब जरी सापडला, तर मला घरी बसवा!"