दोन फेरे बसलेलं फ्रीव्हील

“मग बसत का नाही ते?”

केवलदासबुवांनी विचारलं. मठाच्या ओट्यावर सायकलचं मागचं चाक आडवं पडलं होतं, आणि हेरंब सकाळपासून त्यावर फ्रीव्हील, म्हणजे साखळीची दातेरी चकती, बसवायला झटत होता.

हेरंबने मान वर केली नाही. दोन फेरे तर छान बसतं, म्हणाला. हाताने फिरवलं की लोण्यासारखं जातं. मग अडतं.

“बरं,” बुवा म्हणाले आणि शेजारी बसले.

हेरंब त्यांचा सगळ्यांत तरुण शिष्य. विज्ञानाची पदवी घेऊन, घरच्यांशी भांडून मठात आलेला. डोंगरापलीकडच्या कोरकू आदिवासींच्या वस्तीत, धान्याच्या एका रिकाम्या कोठीत त्याने शाळा काढली होती. आता तिथे मुलं फिरकत नव्हती. आज दिवस मावळायच्या आत वस्तीची बैठक होती. शाळा ठेवायची, की कोठीत पुन्हा धान्य भरायचं, एवढंच ठरायचं होतं.

आणि नेमकं काल वस्तीवर जायच्या सायकलचं फ्रीव्हील गेलं. पायडल फिरे, चाक फिरेना. त्याने धावतपळत गावातून नवं आणलं.

पण सायकल होती मठात राहून गेलेल्या एका परदेशी पाहुण्याची. चाक त्याच्या मुलखातलं, फ्रीव्हील इथलं. हेरंबने भराभर समजावलं. फ्रीव्हील चाकाच्या तुंब्यावर, म्हणजे मधल्या नळकांड्यावर, आट्यांनी चढतं. तुंब्याचे आटे मिलिमीटरच्या मापाचे, फ्रीव्हीलचे इंचाच्या. फरक अगदी केसाएवढा, म्हणून सुरुवातीला कळतच नाही.

“केसाएवढाच ना?”

“तेच तर. थोडा जोर लावला की जाईल.”

“पदवीत शिकवतात वाटतं हे.”

हेरंबला हसू आलं नाही. ऊन चिंचेच्या पलीकडे सरकलं होतं. त्याने फ्रीव्हील काढलं, पुसलं, तेल लावलं, पुन्हा चढवलं. एक फेरा. दोन फेरे…

अडलं.

बुवांनी वस्तीची चौकशी केली. हेरंब हात न थांबवता सांगत राहिला. पहिले काही दिवस कोठी भरून जायची. बसायला जागा नसायची. मग एकेक जण सकाळी गुरांमागे जाऊ लागला. बाबूलाल कास्देकर म्हणून वस्तीतला एक म्हातारा येऊन म्हणाला, गुरं परत आली की शाळा भरवा. तेव्हा मी त्याला सगळ्यांसमोर विचारलं, तुम्हाला गुरं मोठी की अक्षरं? आज बैठकीतही तेच विचारणार आहे. काल रात्री सगळं भाषण मनात जुळवून ठेवलंय. एकदा का उभा राहिलो की कुणाला तोंड उघडायची सोय नाही.

“मग तो काय म्हणाला?”

“कोण?”

“बाबूलाल. तू विचारलंस ना त्याला.”

हेरंबचा हात थबकला. म्हातारा काहीतरी म्हणाला होता खरा, बराच वेळ, अर्धं त्याच्या भाषेत…

“लक्ष नव्हतं,” तो म्हणाला. “मी बोलत होतो.”



हेरंब ताडकन उठला. आतून लांब पाना आणला, त्याच्या दांड्यावर लोखंडी पाइप चढवला. एवढ्या लांब दांड्यापुढे काय टिकणार होतं? फक्त चाक हलता कामा नये.

“बुवा, जरा चाक धरता?”

त्याला वाटलं होतं, आता ते अडवतील. काहीतरी सांगतील. पण बुवांनी उपरणं बाजूला ठेवलं, गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी चाक घट्ट दाबून धरलं.

“लाव जोर.”

हेरंबने पाइपवर भार टाकला. आतून बारीक, कोरडा आवाज आला.

“यात आटे कापले जातील ते कुणाचे?” बुवांनी विचारलं. त्यांची पकड सुटली नव्हती.

“चाकाचे. तुंबा मऊ धातूचा आहे.”

“मग चालेल सायकल?”

“चालेल. आजच्यापुरती तरी.”

“आणि उद्या या चाकाच्याच मापाचं फ्रीव्हील मिळालं तर?”

हेरंबने ओठ चावला.

“नाही बसणार.”

“दुसरं एखादं?”

“कुठलंच नाही बसणार, बुवा. तुंबाच गेलेला असेल.”

“हं…” बुवांनी बैठक सावरली, चाक आणखी घट्ट धरलं. “लाव.”

वारा पडला होता. हेरंब पाइपला लोंबकळल्यासारखा उभा होता. मनगटांच्या शिरा तटतटल्या होत्या. खाली बुवांची म्हातारी बोटं रिमवर पांढरी पडली होती, आणि ती सुटत नव्हती.

बऱ्याच वेळाने त्याने पाइप काढला. फ्रीव्हील पान्याने उलटं फिरवलं. दोन फेऱ्यांत ते सुटून तळहातावर आलं.

मग मात्र त्याचा तोल गेला. पाइप अंगणात भिरकावून तो म्हणाला, “आता मी जाऊ कसा? डोंगर चढून चालत जाईपर्यंत बैठक संपलेली असेल. माझ्यावाचून ठरवून मोकळे होतील ते.”

बुवांनी ग्रीसने काळे झालेले हात धोतराला पुसले. ओट्याखाली उतरून हेरंबच्या चपला उचलल्या आणि त्याच्या पायांपुढे सरळ करून ठेवल्या.

“उशिराच पोच,” ते म्हणाले. “तोवर त्यांचं बोलून झालेलं असेल.”