वाळूवरचे बारा खडे

ही गोष्ट मला नीट आठवते की नाही, याची शंकाच आहे. त्यातल्या गुळवाल्याचा गूळ पाव होडी होता की होडीचा पाचवा हिस्सा, हे तर मुळीच खात्रीने सांगता येत नाही. पाव होता असं धरून सांगतो.

एका नदीच्या घाटावर एक नावाडीण होडी चालवी. तिथली रीत अशी, की ओझं मणांत सांगायचं नाही, होडीच्या हिश्श्यात सांगायचं. सगळे हिस्से मिळवून होडी सोडायची की नाही, हे एक म्हातारा गणिती ठरवी. तीस वर्षं घाटावर त्याचाच शब्द शेवटचा होता.

एका बाजाराच्या दिवशी नदी फुगली होती. खेप एकच होणार होती.

"माझे रांजण अर्धी होडी," कुंभार म्हणाला.

"माझे बुधले तिसरा हिस्सा," तेली म्हणाला.

"माझ्या ढेपा पाव होडी," गुळवाला म्हणाला.

गणिती घाईत बोलून गेला, "वरचे एक, एक, एक मिळून तीन. खालचे दोन, तीन, चार मिळून नऊ. नवांत तीन, म्हणजे जेमतेम तिसरा हिस्सा. भरा बिनधास्त!"

नावाडीण थबकली. "आजोबा, नुसत्या रांजणांनीच अर्धी होडी भरते. मग तिघांचं मिळून अर्ध्याहून कमी कसं?"

"तू वल्हं मार, बाई!" तेली म्हणाला. "हिशेबाला ते आहेत ना?"

सगळे हसले. गणिती हसला नाही. बाईचं खरं होतं, हे त्याला त्याच क्षणी कळलं होतं. पण चार लोकांत 'चुकलो' म्हणायचं? तीस वर्षांनी?

रांजण चढले. बुधले चढले. जास्त भरलेली होडी काठाशी शांतच दिसते. पाणी घेते ती मधल्या धारेत. ढेपाही चढल्या. नावाडिणीने दोराला हात घातला.

"थांबा!" गणिती ओरडला. "माझं चुकलं."

त्याने वाळूवर बारा खडे मांडले. "ही पूर्ण होडी. तुमचे तुकडे सारखे नाहीत, ते आधी सारखे करायला हवे होते. बाराचे अर्धे सहा, तिसरा हिस्सा चार, पाव म्हणजे तीन." त्याने सहा खडे उचलले, मग चार. वाळूवर दोनच उरले. गुळासाठी तीन हवे होते, तिसरा खडा होताच कुठे?

"आजोबा, आता पाटी घ्या पुन्हा हातात!" तेली म्हणाला, पण त्याचा आवाज बसला होता. गुळवाल्याने कुरकुरत सगळ्या ढेपा उतरवल्या.

मधल्या धारेत पाणी होडीच्या काठाखाली चार बोटांवर आलं. तिथेच थांबलं. होडी पार झाली.

तात्पर्य एवढंच: वेगवेगळ्या मापांचे तुकडे आधी एका मापात आणावेत, मगच मिळवावेत, आणि चूक झालीच, तर दोर सुटण्याआधी सांगावी.

बऱ्याच वर्षांनी मी कागदावर मांडून पाहिलं. गूळ पाचवा हिस्सा असता, तर होडीचे तीस भाग करावे लागतात. पंधरा, दहा आणि सहा मिळून एकतीस होतात. तेव्हाही एक भाग जास्तच झाला असता.