रिबकाचा मोगरा

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक बाई राहायची, जिला काळजी करण्याचा छंदच जडला होता. आभाळात ढग आला की तिला कौलांची काळजी, आणि ढग नाही आला की विहिरीची. मन चिंती ते वैरी न चिंती असं म्हणतात, ते बहुधा तिच्याच शेजारच्या कुणीतरी म्हटलं असावं.

पण तिला हसण्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. तिची एकुलती एक लेक रिबका तापाने गेली होती. तेव्हापासून घराचं दार बहुतेक वेळा लावलेलंच असे. अंगणात रिबकाने लावलेला मोगरा तेवढा उरला होता आणि बाईचा सगळा जीव त्यात अडकला होता.

गाव ख्रिस्ती लोकांचं होतं आणि मोगरा घरोघरी होता. त्यांची एक रीत होती. उपासकाळ, म्हणजे ईस्टरआधीचे चाळीस दिवस, सुरू झाला की पहिल्याच दिवशी, उपासना आटोपून, प्रत्येक घर आपला मोगरा छाटत असे. हिरवी पानं, धडधाकट फांद्या, सगळं जाई आणि नुसते खुंट उरत. मग आंबे मोहरून कैऱ्या धरेपर्यंत या खुंटांना पालवी फुटे, कळ्या येत. पुनरुत्थानाच्या रविवारी, ईस्टरला, पहाटे प्रत्येकजण आपल्याच अंगणातली फुलं आणून प्रार्थनामंदिरापुढच्या उघड्या क्रुसाला बांधी. संध्याकाळी तीच फुलं सोडून आपापल्या माणसांच्या कबरीवर ठेवायची, म्हणजे सण पुरा झाला.

रिबका गेल्यापासून बाईने मोगऱ्याला कात्री लागू दिली नव्हती. छाटला आणि मेला तर? त्यापेक्षा ती त्याला रोज घडाभर पाणी घाली. झाड पानांनी नुसतं माजलं होतं, पण त्यावर औषधालाही फूल नव्हतं. सणाच्या पहाटे ती रिकाम्या हातांनी सगळ्यांच्या मागे उभी राही आणि संध्याकाळी गावातली एकच कबर फुलांवाचून राही, रिबकाची.

या वर्षी उपासकाळाच्या पहिल्या दिवशी शेजारीण कात्री घेऊनच आली. तिने मोगऱ्याची पानं बाजूला सारली. आतल्या फांद्या वाळून काटक्या झाल्या होत्या.

"बघ गं, बाहेरून हिरवा दिसतोय, पण आतून चाललाय हा. पुढचा पावसाळा काही बघायचा नाही."

"आणि छाटल्यावर मेला तर?"

"रिबका होती तेव्हा कोण छाटायचं?"

"तीच. मला बघवायचं नाही ना! ती म्हणायची, आई, तू डोळे मीट. आणि झालं की म्हणायची, हं, उघड आता."

शेजारीण कात्री ओसरीवर ठेवून निघून गेली.

बाई रोज कात्री उचले आणि रोज परत ठेवी. गावातल्या खुंटांना डोळे फुटायला लागले तरी हिचं चाललंच होतं. शेवटी एका सकाळी तिने "देवा, तूच बघ रे बाबा" म्हटलं आणि मोगरा छाटला. डोळे मीट म्हणणारं कुणी नव्हतं, म्हणून ते उघडेच ठेवावे लागले. ती छाटत होती आणि रडत होती.

त्यानंतर तिची जी दशा झाली ती विचारू नका. सकाळी खुंट बघ, दुपारी खुंट बघ. साल हिरवी आहे की नाही हे बघायला ती नखाने खुंट खरवडायची. हिरवी दिसली की घटकाभर जीवात जीव यायचा, मग वाटायचं, हा खुंट जिवंत आहे, पण त्या पलीकडच्याचं काय? की लगेच तोही खरवडून बघायचा. बिचारा मोगरा कात्रीतून वाचला होता, पण आता नखांनी मरायची वेळ आली.

एका संध्याकाळी तिला राहवेना. मुळं जिवंत आहेत का बघू, म्हणून ती खुरपं घेऊन बुंध्याशी बसली. कुंपणापलीकडून शेजारीण ओरडली.

"अगं ए, काय चालवलंयस?"

"नुसतं बघते. थोडंसंच उकरून बघते."

"प्रभू थडग्यात होता, तेव्हा दगड सरकवून कुणी बघितलं होतं का गं, आत काय चाललंय म्हणून? ज्याचं काम त्याला करू दे की!"

बाईच्या हातातलं खुरपं तसंच राहिलं. तिला उकरायचं होतं, फार उकरायचं होतं. पण तिने खुरपं शेजारणीच्या हातात दिलं आणि म्हणाली, "हे तुझ्याकडे ठेव. माझा मला भरवसा नाही."

काळजी काही गेली नाही. ती रोज संध्याकाळी झाडापासून चार हात लांब बसायची, हात पदरात गुंडाळून, आणि प्रार्थना करायची. पालवी आली, पण उशिरा आली. सण उजाडला तेव्हा गावचे मोगरे पांढरे झाले होते आणि रिबकाच्या मोगऱ्यावर एकच कळी होती, तांदळाच्या दाण्याएवढी, घट्ट मिटलेली.

ती कळी ओंजळीत धरून बाई पहाटे मंदिरापाशी गेली. क्रूस फुलांनी भरला होता. कुणीतरी म्हणालं, "बाई, सणाला मिटलेली कळी?" तिने हात मागे घेतला.

उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी ते ऐकलं. ते म्हणाले, "प्रभू पहाटे उठला खरा, पण भीतीने दारं लावून बसलेल्या शिष्यांना तो संध्याकाळी भेटला. बांधा ती कळी."

तिने ती अगदी खाली बांधली.

दिवसभर ऊन तापलं. बाई घरात येरझारा घालत होती. सुकली असेल. गळून पडली असेल. कुणाच्या पायाखाली गेली असेल. संध्याकाळी कबरींवर फुलं न्यायची वेळ झाली, तेव्हा ती क्रुसापाशी गेली आणि जुन्या सवयीने तिने डोळे मिटून घेतले. बघायचा धीरच होईना.

आधी वास आला. ताजा, गोड, भरभरून. शेजारीच लोक आपली कोमेजलेली, पिवळी पडलेली फुलं सोडत होते. हा वास त्यांचा नव्हता.

"हं," बाई स्वतःशीच पुटपुटली, "उघड आता."

रिबकाचा मोगरा फुलला होता. बाई हसली, मोठ्याने हसली, आणि सगळं गाव वळून बघायला लागलं. मग फूल पदरात घेऊन ती कबरीकडे निघाली, आणि त्या दिवशी तिच्या घराचं दार सताड उघडंच राहिलं.

तात्पर्य: देवाच्या हाती सोपवलेलं उकरून बघू नये; आनंद पहाटे आला नाही, तर तो संध्याकाळच्या वाटेवर असतो.