जंक्शनवरचं फुकट वायफाय

“छबी कुठे आहे, हे मला तरी सांगाल ना, भन्ते?”

भन्ते सुमंगल यांनी डोळे उघडले.

“मी तिची वकील आहे.”

“हं.”

“तुम्ही मला सात वर्षांची असल्यापासून ओळखता.”

“हं...”

हा होकार की नकार, उत्पला मेश्रामला कळेना.

चार तासांचा प्रवास करून, भर उन्हात टेकडी चढून ती विहारात आली होती. जिल्ह्याच्या कोर्टात तिचं नाव होतं. नवऱ्याच्या मारहाणीतून सुटलेल्या बायकांचे खटले ती बारा वर्षं लढत होती. फोन कसा जपावा, पासवर्ड कसा असावा, यावर महिला मंडळांत भाषणं देत होती. बायका वह्या उघडून लिहून घेत.

आणि छबीचा पत्ता फुटला तो उत्पलाच्याच मेलमधून.

“काय झालं ते सांग,” भन्ते म्हणाले.

“गाडी पाच तास लेट होती. जंक्शनवर अडकले होते. माझा डेटा संपत आला म्हणून फोनवर वायफायची यादी उघडली. स्टेशनचंच नाव दिसलं, पुढे फ्री लिहिलेलं. दाबलं. एक पान आलं... मेल आयडी आणि पासवर्ड टाका, नेट सुरू होईल.”

“टाकलास?”

“टाकला.”

“सुरू झालं?”

“छान चालत होतं, भन्ते. तेच तर...”

तिनं पदरानं कपाळाचा घाम पुसला.

“ते स्टेशनचं नव्हतंच. छबीचा दीर माझ्या मागावर होता. वेटिंग रूममध्ये लॅपटॉप घेऊन बसला होता. त्यानंच स्टेशनच्या नावानं नेट सुरू केलं होतं. पोलिसांनी शोधून काढलं. मी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. उलट त्यानं उठून मला चार्जिंगची जागा दिली... मी त्याला थँक्यू म्हणाले.”

तिसऱ्या दिवशी सकाळी छबीचा नवरा, ती लपली होती त्या आधारगृहाच्या फाटकावर उभा होता. अर्धा तास तो फाटक हलवत ओरडत राहिला. अधीक्षिकेनं कडी काढली नाही. छबी स्वयंपाकघरात लेकीच्या तोंडावर हात ठेवून बसून होती.

त्याच संध्याकाळी अधीक्षिका तिला घेऊन भन्तेंकडे आली. भन्तेंनी दुसरीकडे सोय केली. ती जागा आता भन्ते आणि अधीक्षिका या दोघांनाच ठाऊक होती.

जाताना छबी एकच म्हणाली होती... कुणाला सांगू नका, वकीलबाईंनाही नाही.

अधीक्षिकेकडून कळलेले हे शेवटचे शब्द उत्पलाला झोंबले होते.

“स्टेशनवर माणसं होती?” भन्तेंनी विचारलं.

“खूप.”

“स्टेशनमास्तरांची खोली?”

“वीस पावलांवर.”

“गाडीचं विचारलंस त्यांना?”

“तीनदा.”

“आणि नेटचं?”



“त्याचं काय विचारायचं? फोनवर नाव आलं होतं.”

भन्तेंनी मान हलवली. समजल्यासारखी, की न समजल्यासारखी, तिला ठरवता येईना.

“मी सगळं बदललं आहे,” ती घाईनं म्हणाली. “पासवर्ड बदलला. आता नुसत्या पासवर्डनं मेल उघडत नाही, फोनवर कोड येतो. मेल जिथे जिथे उघडा होता तिथून बंद केला. वायफाय आपोआप जोडलं जायचं, तेही बंद. बाहेर गेले की स्वतःचाच डेटा वापरते. आता तरी सांगा.”

“काय?”

“छबी कुठे आहे!”

“का हवं आहे?”

“गुरुवारी तारीख आहे. ती आली नाही तर लेकीचा ताबा जाईल, भन्ते.”

भन्तेंनी कोनाड्यातला कागद आणि पेन्सिल तिच्यापुढे सरकवली.

“लिही तिला.”

“पोचेल?”

“लिही तर...”

त्यांनी पुन्हा डोळे मिटले.

उत्पला ओसरीत बसून लिहू लागली. छबी, माझं चुकलं. इतकं लिहायलाच फार वेळ गेला. पुढचं भरभर झालं. गुरुवारी साडेदहाला ये. पुढून येऊ नकोस, ते लोक तिथे असतील. कोर्टाच्या मागच्या फाटकानं ये, मी कॅन्टीनपाशी उभी असेन. खाली सही केली. कागदाची घडी घालून वर छबीचं नाव लिहिलं.

अंगणात एक भिक्खू रांजणातलं पाणी पीत होते. पन्नाशीचे असतील. अंगावरचं चीवर जुनं, पण स्वच्छ. झोळी खांद्याला लावून ते पायऱ्यांकडे निघाले.

“खाली निघालात का, भन्ते?”

“हो, ताई.”

“एवढं पोचवायचं होतं.”

त्यांनी हसून झोळीचं तोंड उघडलं. उत्पलानं चिठ्ठी आत सोडली. पाच दिवसांनी पहिल्यांदा तिला हलकं वाटलं.

आत येऊन ती भन्ते सुमंगल यांच्यासमोर बसली.

“दिली.”

“कुणाला?”

“त्या भन्तेंना. खाली चाललेत ते.”

“नाव काय त्यांचं?”

“नाव...?” ती गोंधळली. “इथलेच ना ते? तुमचे?”

“इथे मी एकटाच राहतो.”

“पण... चीवर...”

भन्तेंनी दाराकडे पाहिलं. उत्पलानंही पाहिलं.

मग ती उठली आणि पळत सुटली.

चपला घालायचं भान राहिलं नाही. पायऱ्या तापल्या होत्या. वळणावर तिचा पदर करवंदीच्या जाळीत अडकून टरकन फाटला. कॅन्टीन, साडेदहा, मागचं फाटक... आपणच लिहिलेले शब्द तिच्या कानात वाजत होते. अर्ध्या टेकडीवर ते भिक्खू सावलीला टेकलेले दिसले.

“माझी चिठ्ठी... चिठ्ठी द्या!”

ते दचकले. त्यांनी झोळी चाचपून घडी जशीच्या तशी बाहेर काढली आणि दगडावर ठेवली.

“कुणाला द्यायची होती, ताई?”

“तुम्हाला माहीत नव्हतं?”

“नाही. मी आज सकाळीच आलो. वाटलं, मोठ्या भन्तेंनी काही पाठवलं असेल, खाली कुणी मागून घेईल...” ते ओशाळले. “मी विचारलंच नाही.”

उत्पला त्यांच्याकडे पाहत राहिली. माणूस भला दिसत होता. चार्जिंगची जागा देणाराही भलाच दिसला होता. चिठ्ठी मुठीत धरून ती टेकडी चढू लागली. पाय पोळत होते. राग येत होता, पण कुणाचा, ते कळत नव्हतं.

भन्ते होते तिथेच बसलेले होते.

“ते वाईट होते का?” तिनं दारातूनच विचारलं.

“मला काय ठाऊक?”

“मग मला पळू का दिलंत?”

भन्तेंनी हात पुढे केला.

“आण. मी पोचवतो.”

उत्पलाचा हात अर्ध्यावर आला... थांबला. चिठ्ठीकडे पाहिलं. भन्तेंकडे पाहिलं. तीस वर्षांचा ओळखीचा चेहरा.

तिनं चिठ्ठी फाडली. चार तुकडे केले, मग आठ.

“लिहिलेलं नको,” ती हळू म्हणाली. “ती कुठे आहे, तेही नको. फक्त तोंडी सांगा, गुरुवारी तारीख आहे, वकीलबाईंना फोन कर. आणि मी फोन उचलल्यावर लगेच काही बोलू नकोस म्हणावं. लेक पहिल्यांदा कोर्टात आली तेव्हा मी तिला काय खायला दिलं होतं, ते आधी विचार. मी अडखळले तर फोन ठेवून दे.”

तिच्या हातातले तुकडे उंबऱ्याबाहेर पडले.

“तिला खूप भीती वाटत असेल ना, भन्ते?”

“वाटते.”

“माझ्यावर रागावली आहे?”

“ते तिनं सांगितलं नाही.”

बाहेर वाऱ्यानं कागदाचे तुकडे अंगणभर झाले. उत्पला ते एकेक वेचू लागली. भन्ते उठून दाराशी आले.

“त्या संध्याकाळी छबी आली,” ते म्हणाले, “लेक कडेवर. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. मला म्हणाली, तुम्ही भन्ते कशावरून?... तेव्हापासून उत्तर शोधतो आहे.”